दुसरी प्रत

सकाळी सात दहाला
सिद्धेश्वर तलावातून बाटलीभर पाणी घेतलं,
किल्ल्याच्या बाजूनं, जिथं निर्माल्य अडकतं.
बाटलीवर तारीख टाकली, आणि ठिकाणाच्या रकान्यात
सवयीनं लिहून बसले: साखर पेठ.
हिरेमठ मॅडम म्हणाल्या, राहू दे,
इथंही दाटीच आहे.

भिंगाखाली एक हिरवा ठिपका.
तोंड नाही, हात नाही,
सगळी कातडीच उंबरठा.
त्या उंबरठ्यावर दारवान उभे:
एकाला नायट्रेट ओळखीचं, एकाला फॉस्फेट,
बाकी कुणी आलं तर ढिम्म.
पाण्यात मुबलक असलं की थोडकेच जागे, आरामात.
टंचाई लागली की आतून निरोप जातो
आणि वेगळेच दारवान बाहेर येतात,
एक कणसुद्धा वास काढून ओढून घेणारे.

हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.
आमच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं.
अम्मा चौथ्या रात्री झोपत नाही.
हंडे, कळशा, रंगाचे रिकामे डबे,
माझा जुना कंपासबॉक्ससुद्धा एकदा
तिनं रांगेत लावला होता.

नाना जेकार्डची कार्डं पाडायचे.
चादरीवरचा मोर म्हणजे पुठ्ठ्यातली भोकं,
एवढंच, असं ते म्हणायचे.
संच झिजला की दुसरी प्रत काढायची.
पहिली मागावर चालत राहायची,
दुसरी खुंटीला. तिच्यात एखादं भोक
चुकून शेजारी पडलं तरी
धंदा थांबत नव्हता.
म्हणून ती चूक जगायची.
एकदा एका व्यापाऱ्यानं मान वळवलेला मोर पाहिला
आणि हाच हवा म्हणाला.
बाकीच्या बहुतेक दुसऱ्या प्रती
बंबात गेल्या. हेही सांगायला हवं.

पडद्यावर चार अक्षरांच्या रांगा.
या ठिपक्याकडे फॉस्फेटच्या दाराची
एकाच मुळातून निघालेली पाच जनुकं.
हिप्परग्याच्या तलावातल्या त्याच्या चुलत बहिणीकडे तीनच.
दोन तर मोडलेली, मधेच पूर्णविराम पडलेला,
आणि एक मुळी घरचं नाहीच,
कुठल्याशा जिवाणूकडून आलेलं,
शेजारणीकडून वाटीभर विरजण आणावं तसं.
वाटी परत गेली नाही.

मी घाईनं लिहिलं:
साबणाचं पाणी, रंगाचं पाणी, गिरण्या,
या शहरानं यांना ही दारं दिली.
लिहिताना डोळ्यांपुढे नानांची बोटं होती.
मॅडमनी लाल पेनानं ओळ कापली.
तलाव आठ-नऊशे वर्षांचा, म्हणाल्या,
गिरण्या कालच्या.
ही प्रत निघाली तेव्हा
सोलापूर नव्हतं, कापूस नेसणारं कुणी नव्हतं.
आपण फक्त जुन्या दारात सांडपाणी ओतलं.

मला राग आला. त्यांचा नाही.
एवढी जुनी गोष्ट
आणि तिला आमची गरजच नव्हती याचा.
कापलेल्या ओळीचा कागद मी फाडला नाही,
घडी घालून डब्यात ठेवला,
शेंगाचटणीच्या पुडीखाली.

रात्री अडीचला गल्ली ओरडली, नीळ्ळु! नीळ्ळु!
मोटारी सुरू झाल्या, कुणाचा तरी पाइप सुटला,
अम्मानं माझ्या हातात खराटा दिला:
आधी पिंप घास, आत शेवाळ धरलंय.
टॉर्चच्या उजेडात ती हिरवी कड
पाण्यावाचून चार दिवस
ओलाव्याच्या एका बोटावर तगून होती.
घासलं मी. सगळं घासलं,
तळाशी एक वीतभर सोडून.
अम्मानं पाहिलं.
नानांनी कॉटवरून विचारलं,
पाण्याला जोर आहे का?
आहे, म्हटलं,
आणि नळी पिंपात सोडली.